राष्ट्रगीताच्या वेळी माझी पाठ झेंड्याकडे का होती

राष्ट्रगीत सुरू असताना त्या मुली खाली बसल्या नव्हत्या. त्यांनी गुडघा टेकला नव्हता आणि तोंडही मिटून घेतले नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या प्रसंगाच्या ज्या दोन हकिकती अमरावतीत आणि अकोल्यात गेली काही वर्षे फिरत आहेत त्या दोन्ही खोट्या आहेत, आणि त्या सांगणाऱ्यांपैकी एकही जण त्या दिवशी मैदानावर हजर नव्हता. मी होतो. कबड्डीचा मुख्य पंच म्हणून होतो.

अमरावतीची हकिकत वडाळी तलावाच्या काठावर तयार झाली. सकाळचे फिरणे झाले की आम्ही निवृत्त मंडळी तिथल्या एका बाकावर बसतो. आमच्यात इतिहासाचे एक प्राध्यापक आहेत. मूळचे पुण्याचे, नोकरीसाठी इकडे आले आणि घर बांधून इथलेच झाले. तरी आमची बोली त्यांच्या कानाला अजून टोचते. परदेशातले काळे खेळाडू सामन्याआधी राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकतात, आपल्या वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या वागणुकीचा तो निषेध असतो, आणि त्यावरून त्या देशात घराघरांत भांडणे लागली, अशी एक चित्रफीत त्यांनी एकदा मोबाइलवर आम्हा सर्वांना दाखवली. ती संपताच माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, "हे लोण आपल्याकडे कधीच येऊन पोचलंय. यांच्याच मैदानावर मेळघाटातल्या मुली राष्ट्रगीताला खाली बसल्या होत्या. सरांनी खोटी साक्ष देऊन वाचवलं त्यांना."

"तुमी होते का तठी?" मी विचारले.

"मी नव्हतो. पण सगळ्यांना ठाऊक आहे."

"त्या सगळ्याईपैकी एक तरी मानूस अठी आनून दाखवा."

ते हसले आणि चष्मा पुसू लागले. प्राध्यापक चष्मा पुसू लागले की त्यांच्याजवळचा पुरावा संपला आहे असे समजावे.

त्या परदेशी खेळाडूंविषयी माझे मत विचारले गेले, तेही इथे देतो. मी स्वतः उभा राहिलो असतो. आयुष्यभर शाळेत शारीरिक शिक्षण शिकवले. राष्ट्रगीताला उभे राहणे माझ्या अंगात मुरले आहे. परंतु जो माणूस भर मैदानात, हजारो लोकांच्या देखत, स्वतःच्या देशाच्या गीतापुढे गुडघा टेकतो, तो मैदान सोडून गेलेला नसतो, हेही लक्षात घेतले पाहिजे. त्याला काहीतरी सांगायचे असते आणि ते तो आपल्याच माणसांना सांगत असतो. ते काय, हे न विचारता त्याला देशद्रोही ठरवणे म्हणजे चढाई न पाहताच गडी बाद देणे होय. प्राध्यापकांना हे पटले नाही. न पटो.

अकोल्याची हकिकत अधिक त्रासदायक आहे, कारण ती प्रेमाने सांगितली जाते. माझी मुलगी अकोल्यात दिली आहे. तिचे सासरे, म्हणजे आमचे इवाई, वीज मंडळातून निवृत्त झालेले, मोठे बोलघेवडे गृहस्थ आहेत. घरी कुणीही पाहुणा आला की ते माझी ओळख करून देतात ती अशी: "हे आमचे इवाई. सादं मानूस समजू नका. सव्वीस जानेवारीले, भर मैदानात, झेंड्याकडं पाठ करून उभे राह्यले होते हे. गरीब पोरीसाठी." पाहुणा माझ्याकडे एकदम वेगळ्या नजरेने पाहू लागतो. मी खुलासा करायला तोंड उघडतो, तेवढ्यात चहा येतो.

पाठ झेंड्याकडे होती, हे खरे आहे. परंतु ती केलेली नव्हती, झालेली होती. या दोहोंतला फरक समजण्यासाठी मैदान समजून घ्यावे लागेल.

दर्यापूरच्या पुढच्या एका गावात महिलांच्या कबड्डीचे सामने होते आणि प्रजासत्ताकदिनी दुपारी ऊन कलल्यावर अंतिम सामना होता. आमची काळी जमीन पिकाला सोन्यासारखी, पण खेळाला निकामी. पावसाळ्यात पायाला चिकटते आणि हिवाळ्यात भेगाळते. म्हणून गावकऱ्यांनी शाळेच्या पटांगणावर मुरूम आणि लाल माती आणून टाकली होती, पाणी मारून रोलर फिरवला होता आणि पांढऱ्या फक्कीने रेषा आखल्या होत्या. मैदान उत्तम होते. ज्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे, आणि त्या गावाला पुढे मी जे काही बोललो त्याने हे श्रेय कमी होत नाही.

मैदानाच्या एका लांब बाजूला मंच होता. मंचावर बसणाऱ्याच्या उजव्या हाताला शाळेचे दार, आणि दारासमोर सकाळी फडकवलेला झेंडा. डाव्या हाताला मैदानाची अंतिम रेषा आणि तिच्यापलीकडे मोकळी जागा, जिथे जिपा लावल्या होत्या. वाचकाने एवढेच ध्यानात ठेवावे: झेंडा उजवीकडे, जिपा डावीकडे.

एक संघ त्याच गावाचा होता. कास्तकारांच्या मुली, नवे बूट, छातीवर गावाचे नाव. दुसरा संघ चिखलदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून आला होता. साऱ्या कोरकू, म्हणजे मेळघाटातल्या आदिवासी मुली. पहाटे निघून दर्यापूरपर्यंत बसने आणि तिथून एका जिपेत कोंबून आल्या होत्या. सामन्याआधी नखे तपासणे हे पंचाचे काम असते, कारण पकडीत नख लागले की चामडी सोलून निघते. मी रांगेपुढे उभा राहिलो. कर्णधार मुलीने दोन्ही पंजे पुढे केले.

"नखं कधी कापली?"

"काल, सर. भरतीच्या सरावाहून आली, का लगेच कापली."

"कशाची भरती?"

"पोलिसाची. मैदानी चाचणी जवळ आली."

तिच्या शेजारची मुलगी म्हणाली, "ही लागली ना सर, तं आमच्या गावातली पयली पोलिस. मंग आमाले जिपीतून फुकट फिरवनार हाये."

"तू पयले नखं दाखव," कर्णधार म्हणाली. "तुले पयले पकडीन."

ती कर्णधार घाटाच्या रस्त्यावर रोज धावत असे आणि एका नातेवाइकाच्या घरामागे गोळा फेकायचा सराव करत असे, हे मला तिथेच कळले. तिच्या दृष्टीने त्या दिवशीचा करंडक दुय्यम होता. भरतीत निवड झाली की चारित्र्याची पडताळणी होते आणि पोलिसांत नावावर काही लिहिलेले निघाले की सारे धावणे वाया जाते, ही गोष्ट आमच्या भागातल्या प्रत्येक तरुण मुला-मुलीला पाठ असते. तिलाही ती पाठ होती.

आता निवेदकाविषयी. बियाण्यांच्या दुकानात बसणारा एक तरणाताठा माणूस माईकवर होता. गावच्या संघाची ओळख त्याने प्रत्येकीचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव घेऊन करून दिली. दुसऱ्या संघाची पाळी आली तेव्हा म्हणाला, "आन् आता येऊन राहिल्या डोंगरावरच्या पोरी. पंचसाहेब, अंधार पडाच्या आत उरकवा बरं. मंग दातच दिसतीन यायचे, बाकी काहीच नाई." लोक हसले. त्या मुलीही हसल्या, जसे हसावे लागते तसे.

मी मंचाजवळ जाऊन त्याला म्हणालो, "भाऊ, माईक गुन सांगासाठी हाये."

"अवो सर, गंमत हाये ते."

"गंमत त्याईले करू दे ना मंग. दे त्याईच्या हातात माईक."

त्याने तोंड वाकडे केले आणि माईक खाली ठेवला.

नंतर मैदानाची पूजा झाली. आमच्याकडे अंतिम सामन्याआधी मध्यरेषेवर हळद-कुंकू वाहतात, उदबत्ती लावतात, आणि दोन्ही कर्णधार नारळाला हात लावतात. मग गावातला एखादा वडीलधारा माणूस तो फोडतो. हा रिवाज मी तरुणपणापासून पाहत आलो आहे. त्या दिवशी नारळ समितीतल्या एका वृद्ध गृहस्थांच्या हाती होता. सारे गाव त्यांना आबा म्हणत होते. दोन्ही संघ मैदानात उभे होते. आबांनी गावच्या कर्णधाराला जवळ बोलावले आणि कोरकू मुलींकडे पाहून हात हलवला.

"तुमी लायनीच्या बाहेर व्हा, बाई. पूजा होऊ द्या."

त्या बाहेर गेल्या. अंतिम रेषेपलीकडे, जिपांच्या बाजूला. कुणी काही विचारले नाही, कारण कुणालाच विचारण्याची गरज वाटली नाही. का, ते साऱ्यांना कळले होते.

मी तेव्हाच का बोललो नाही, असा प्रश्न मला अमरावतीतल्या काही शहाण्यांनी केला आहे. त्याला माझे उत्तर असे की पूजा आयोजकांची असते आणि सामना पंचाचा असतो. पूजेत मी शिट्टी वाजवली असती तर त्या मुलींचा सामना तिथेच रद्द झाला असता आणि हेच शहाणे म्हणाले असते की म्हाताऱ्याने उगाच वाद काढला.

नारळ फुटला, खोबरे वाटले गेले. निवेदकाने पुकारले, "आता राष्ट्रगीत. दोनी संघांनी मैदानात यावं." गावचा संघ मैदानात येऊन झेंड्याकडे तोंड करून उभा राहिला. कोरकू मुली जागच्या हलल्या नाहीत. कर्णधाराने आपल्या भाषेत मागच्या मुलींना काहीतरी सांगितले आणि मग हात वर करून, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमी अठीच उभ्या राहू. आमाले बाहेर व्हा म्हनलं हाये."

मी मध्यरेषेवरून तिच्याकडे निघालो. आत ये, एवढेच सांगायचे होते. मैदानाच्या त्या अंगात मी पोचलो असेन-नसेन, तोच स्पीकरमधून राष्ट्रगीत सुरू झाले. साऊंडवाल्याने 'सावधान' म्हटले नाही, कुणाकडे पाहिले नाही. मोबाइलवर बोट ठेवले आणि दिले लावून. मी जसा होतो तसा थांबलो. टाचा जुळवल्या, हात खाली सरळ, नजर समोर. झेंडा पाठीशी राहिला. आता कुणी म्हणेल, वळायचे होते. गीत सुरू झाल्यावर वळणे म्हणजे सावधान मोडणे. जो माणूस मुलांना वर्षानुवर्षे हेच सांगत आला तो स्वतः मोडणार नाही. आमचे इवाई याला बंडखोरी म्हणतात. ही शिस्त आहे.

माझ्यासमोर त्या मुली होत्या. एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, हनुवटी वर. त्यांचे ओठ हलत होते. शब्द स्पष्ट होते, चाल थोडी वर चढत होती. उभ्या मैदानात त्यांचा चेहरा पाहू शकेल असा माणूस मी एकटा होतो, कारण बाकी साऱ्यांची तोंडे झेंड्याकडे असायला हवी होती.

राष्ट्रगीत संपले आणि गोंधळ सुरू झाला. "मैदानाबाहेर उभ्या राह्यल्या! देशाचा अपमान केला!" असे काही तरुण ओरडू लागले. कुणी म्हणाले, एक जण बसली होती. थोड्या वेळाने दोघी बसल्या होत्या. मंचामागच्या मंडपात आम्ही सारे जमलो तोवर संपूर्ण संघ बसलेला होता.

मंडपात समितीचे सचिव होते, आबा होते, निवेदक होता, आणि बंदोबस्तावर आलेले पोलिसांचे एक जमादार खुर्चीत बसून चहा पीत होते. कर्णधार मुलीला बोलावून आणले होते. ती खांबाजवळ उभी राहिली. तिची नजर जमादारांच्या खिशातल्या पेनावर होती.

सचिव म्हणाले, "जमादार साहेब, लिहून घ्या. राष्ट्रगीताचा अपमान. कर्णधाराचं नाव पयलं घ्या. सगळ्याईनं पाह्यलं."

जमादार माझ्याकडे वळले. "सर, तुमी मुख्य पंच. तुमचं काय म्हननं?"

"माझं मांगून. पयले यायले विचारू द्या." मी सचिवांकडे वळलो. "तुमी कुठं होते?"

"मंचावर."

"तोंड कुठं होतं?"

"झेंड्याकडं. आनखी कुठं राहीन?"

"झेंडा कोन्या हाताले?"

"उजव्या."

"आन् पोरी?"

सचिवांनी आधी एक हात उचलून पाहिला, मग दुसरा. हिशेब लागायला त्यांना थोडा वेळ गेला.

"डाव्या," मीच म्हणालो. "तुमच्या पाठीमांगं. मंग पाह्यल्या कशा?"

"जराशी मान वळवली."

"राष्ट्रगीत चालू असताना?"

निवेदकाच्या तोंडात खोबरे होते, तरी तो हसला. एक तरुण पुढे सरसावला. "सर, माझ्यापाशी व्हिडिओ हाये."

"कवाचा?"

"राष्ट्रगीताचाच."

"म्हंजे राष्ट्रगीत चालू असताना तू मोबाइल घेऊन फिरून राहिला होता."

त्याने मोबाइल पाहिला, मग जमादारांकडे पाहिले, आणि मोबाइल पँटच्या खिशात घातला. तो व्हिडिओ पुढे कुणालाही दिसला नाही.

सचिव आता चिडले होते. "आन् तुमी, सर? तुमी कसं पाह्यलं सगळं? तुमची तं पाठच होती झेंड्याकडं."

"होती."

"मंग तो अपमान नाई?"

"लिहा ना मंग," मी जमादारांना म्हणालो. "पयलं नाव माझं लिहा. पाठ झेंड्याकडं, टाचा जुळेल, हात सरळ, नजर समोर. दुसरं सचिव साहेबांचं लिहा. तोंड झेंड्याकडं, मान मांगं. तिसरं या पोट्ट्याचं, मोबाइलसकट. मंग बाहेर जाऊन इचारा, कोनाकोनानं पोरी बसलेल्या पाह्यल्या. जो हो म्हनीन त्याचं बी लिहून घ्या. सगळ्यात शेवटी या पोरीचं लिहा, का ते सावधान उभी होती आन् राष्ट्रगीत म्हनत होती. माझ्यासमोर म्हनत होती. हे मी कोन्या बी कोर्टात सांगीन."

जमादारांनी कप खाली ठेवला. "सर, एवढे कागद नाईत माझ्यापाशी. अर्धं गाव आत टाका लागीन." आणि सचिवांना म्हणाले, "सामना खेळवा, भाऊ. ऊन चाललं."

मंडप हसला. सचिव हसले नाहीत. वाचकाने पाहावे की यात खोटी साक्ष कुठेच नाही. मी जे पाहिले ते सांगितले आणि इतरांनी जे पाहायला नको होते ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतले. प्राध्यापकांनी हे पाठ करून ठेवावे.

तरी प्रकरण संपले नव्हते. आबांनी आपली खुर्ची पुढे ओढली. ते त्या मुलीला म्हणाले, "पन बाई, पूजा झाल्यावर तू आत कावून नाई आली?"

"तुमीच बाहेर व्हा म्हनलं, आबा."

"ते पूजेपुरतं."

"मले काय मालूम कशापुरतं," ती म्हणाली. आवाज लहान होता, पण आता तिची नजर पेनावरून निघाली होती. "राष्ट्रगीत आमचं बी हाये. ते आमी म्हनलं. मैदान तुमचं हाये, मंग बाहेरून म्हनलं."

आबांनी टोपी काढून पुन्हा नीट घातली. मग निवेदकाला म्हणाले, "जा, नारळ आन एक."

"एका मैदानाले दोन नारळ कुठं फुटते का, आबा? परसाद बी खाऊन झाला."

"तुह्या तोंडात हाये अजून. जा."

"नारळ राहू द्या, आबा," ती मुलगी म्हणाली. "यायले आमची नावं घ्याले सांगा माईकवर. गावच्या पोरीयची घेतली, तशी. मंग आमी येतो."

या मागणीत नाही म्हणण्यासारखे काही नव्हते आणि म्हणूनच ती मान्य करणे निवेदकाला फार जड गेले. त्याने माईक हाती घेतला. मुली अजून रेषेपलीकडे उभ्या होत्या. कर्णधार एकेक नाव सांगे आणि तो माईकवर म्हणे. कोरकू आडनावांवर त्याची जीभ अडखळू लागली. तिसरे नाव चुकले, ती म्हणाली, "परत घ्या." त्याने परत घेतले. पुन्हा चुकले. आता लोक त्याला हसू लागले, मागून कुणी तरी ओरडले, "बियान्याचे नावं तं पाठ हायेत ना रे तुले!" राखीव खेळाडूंपैकी एकीचे नाव राहून गेले, तेही तिने घ्यायला लावले. जिचे नाव पुकारले जाई ती रेषा ओलांडून आत येई, वाकून मातीला हात लावी आणि तो कपाळाला लावी. हे साऱ्याच कबड्डीपटू करतात. नावे संपली तेव्हा सारा संघ मैदानात होता. आबांनी टाळी वाजवली, म्हणून इतरांनीही वाजवली.

मग मी शिट्टी वाजवली.

सामन्याविषयीही एक खोटी गोष्ट सांगितली जाते, की मी त्या मुलींना जिंकून दिले. त्या हरल्या. अगदी थोडक्यात हरल्या, आणि माझ्या निर्णयाने हरल्या. शेवटच्या चढाईत कर्णधार गडी टिपून परत येत होती, आणि वळताना तिची टाच बाजूच्या रेषेबाहेर पडली. मी तिला बाद दिले. ती थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"टाच आत होती, सर."

"बाहेर होती."

नखे तपासताना जिपेची थट्टा करणारी तिची ती मैत्रीण म्हणाली, "राष्ट्रगीताच्या वक्ती तं तुमी आमच्याकडून होते."

"मी तवा बी कोनाकडून नव्हतो, बाई."

माझे हे बोलणे त्या दोघींना आवडले नाही, आणि जिपेत बसून जाईपर्यंत कर्णधाराने माझ्याकडे पाहिले नाही. अपमानाच्या आरोपापेक्षा तिला त्या टाचेचा राग अधिक आला होता. खेळाडू असाच असावा.

ती भरती झाली. हे मला तिच्याच फोनवरून समजले. माझा नंबर तिने कुठून मिळवला ते विचारले नाही. प्रशिक्षण झाले आणि आता ती अकोल्यात वाहतूक शाखेत आहे.

गेल्या हिवाळ्यात मुलीकडे गेलो असता इवायांनी पुन्हा एका पाहुण्यापुढे माझी ती ओळख करून दिली. यावेळी मी चहा बाजूला ठेवला आणि म्हणालो, "चला. गाडी काढा. जिच्यापायी हे सगळं झालं, तिलेच विचारा." इवायांनी स्कूटर काढली. सकाळची वेळ होती. चौकात ती उभी होती, पांढरा शर्ट, खाकी पँट, टोपी, हातवाऱ्यांनी ऑटोवाल्यांना मागे सारीत. मला पाहून बाजूला आली आणि सॅल्यूट केला. मी तिच्या बुटांकडे पाहिले. चकचकीत होते.

इवायांनी तिला सारे सांगितले: मी पाठ कशी फिरवली, झेंडा कसा मागे राहिला, लोक कसे स्तब्ध झाले. ती हसत ऐकत राहिली.

"तसं नव्हतं, काका," ती म्हणाली. "सर आमाले बोलवाले येऊन राहिले होते. मंधातच राष्ट्रगीत लागलं, तं अडकले तठीच."

मी इवायांकडे पाहिले. या एका क्षणासाठी मी अमरावतीहून आलो होतो, असे म्हटले तरी चालेल.

"पन सर," ती पुढे म्हणाली, "तुमी मंडपात सांगतलं ते बी पुरं बरोबर नव्हतं. आमी सावधान नव्हतो."

"म्हंजे?"

"हात सरळ होते. पन माझी करंगळी बाजूवालीच्या करंगळीत होती, तिची तिच्या बाजूवालीच्या. शेवटपर्यंत. मी तसं सांगतलं होतं पोरीयले. एक बी घाबरून सुटली असती, तं सगळ्या पळून जिपीत बसल्या असत्या."

"मी समोर होतो. मले दिसलं असतं."

"तुमी तोंडाकडं पाहून राहिले होते, सर."

इवायांना इतका आनंद झाला की त्यांनी स्कूटरच्या सीटवर थाप मारली. "म्हंजे इवाई, साक्ष खोटीच होती तुमची!"

मी त्यांना तिथेच सांगितले आणि इथे पुन्हा लिहितो की साक्ष खोटी नव्हती. साक्षीदार जे दिसले ते सांगतो. मला सरळ हात दिसले, आणि करंगळी गुंतलेली असली तरी हात सरळच राहतो. त्यांनी स्वतः करून पाहावे. इवायांनी तिथेच, भर चौकात, माझ्या करंगळीत करंगळी घालून करून पाहिले. हात सरळ राहिले. ती मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती आणि दोन ऑटोवाले हॉर्न वाजवायचे विसरून आमच्याकडे पाहत होते.

"आता सगळ्याईले सांगसान का, सर, करंगळीचं?" तिने विचारले.

"माझं मी सांगीन. तुह्यं तू सांग," मी म्हणालो. तिचे म्हणणे वर आले आहे. माझे त्याच्याही वर आहे. दोन्ही एकाच दिवशीची आहेत आणि मी त्यांपैकी एकही बदललेले नाही.

ती रस्त्यात परत गेली. आम्ही घरी आलो तेव्हा मुलीने वांग्याचे भरीत केले होते आणि कळण्याच्या भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होत्या. इवायांनी पहिला घास घेण्याआधीच सुनेला नवी हकिकत सांगायला सुरुवात केली. तीत मी झेंड्याकडे पाठ करून उभा होतोच, शिवाय आता माझीही करंगळी त्या मुलींच्या करंगळीत होती. भरीत गरम होते, म्हणून मी त्यांना मध्ये अडवले नाही. जेवण झाल्यावर, हात धुऊन, ती दुरुस्त केली.